दोनदा धुतलेला पंप

माझे शिक्षण राहुरीला झाले. शेतीचे, आणि त्यातही मातीचे. पदव्युत्तर अभ्यास संपवून घरी परतले तेव्हा सर्वांची अशी समजूत होती की ही मुलगी कुठेतरी मोठ्या जागी जाईल. मी गेले नाही. मुलाखतीच्या टेबलापलीकडे माणसे बसली की माझा आवाज घशातच राहत असे, आणि पुढे संसाराने ही अडचण इतकी व्यवस्थित झाकून टाकली की ती होती हेही लोक विसरले. मुले आपापल्या गावी गेल्यावर, केस पांढरे झाल्यावर, एका परिचित बाईंनी सुचवले म्हणून मी आमच्या घरापासून जवळच्या एका गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस जाऊ लागले. मुलांना परसबाग शिकवायची, आणि तिच्यातली भाजी त्यांच्या पोषण आहारात जाईल असे पाहायचे, एवढे काम. लहान मुलांसमोर आवाज फुटेल, असा माझा अंदाज होता. तो पुष्कळसा बरोबर ठरला.

शाळेच्या तिन्ही बाजूंना ऊस आहे. ऊस वाढला की वर्गाच्या खिडकीतून दुसरे काही दिसत नाही आणि वाराही येत नाही. चौथ्या बाजूला रस्ता, रस्त्यापलीकडे वस्ती. बागेसाठी मिळालेला तुकडा स्वयंपाकाच्या खोलीमागे होता. तिथली माती काळी, भारी, आणि वर्षानुवर्षे पाणी मुरून थोडी खारावलेली. मी मुलांना ती हातात घ्यायला लावली, भिजवायला लावली, वाळल्यावर तिच्यावर येणारा पांढुरका थर दाखवला. उन्हाळाभर पालापाचोळा कुजवून आम्ही ती मऊ केली. पावसाळा संपता संपता वांगी, टोमॅटो, गवार, चवळी, वाल लावले. कडेने मेथी आणि पालक.

पहिल्या काही महिन्यांत मी जे शिकवले त्यातले मुलांना सर्वांत जास्त काय आवडले असेल, तर रानभाज्या. घोळ, तांदुळजा, चिघळ. ज्यांना त्यांच्या घरी आता नुसते गवत म्हणतात, त्या वनस्पती खाण्याच्या आहेत आणि त्यांच्या आज्या त्या खात असत, हे कळल्यावर मुले बांधाबांधाने हिंडून ओंजळी भरून आणू लागली. एका मुलाने आक्षेप घेतला, "मॅडम, हे तर आमची म्हैस खाती." त्यावर मागून कुणीतरी म्हणाले, "मग म्हशीला घाला शाळेत, तिचा अभ्यास झालाय आधीच." मीही हसले. खिचडी करणाऱ्या दोन मावशी मात्र वैतागत. त्यांचे म्हणणे असे होते की मॅडमच्या बागेतून एक जुडी येते आणि ती निवडायला दोन बायांचा जन्म जातो. तरीही त्या निवडत, धूत, खिचडीत घालत. मुले ताट पुसून खात.

यांतली एक मुलगी सहावीत होती. ती फारसे बोलत नसे. मी वाफ्यापाशी वाकले की ती न बोलता येऊन शेजारी बसे आणि मी जे करीत असे तेच करू लागे. अबोल माणसाला अबोल माणूस लवकर ओळखू येतो. तिच्याशी माझे बोलणे झाले ते कामाच्या ओघात, तुकड्या-तुकड्यांनी. तिचे वडील फवारणीच्या कामाला जात. स्वतःची जमीन नव्हती. स्वतःचा पंप होता. ज्याच्या उसात तण माजले असेल तो त्यांना बोलावी. ते पाठीवर पंप घेऊन दिवसभर सऱ्यांमधून चालत आणि संध्याकाळी घरी येत. ते आल्याशिवाय ती जेवत नसे. वडिलांच्याच ताटात बसायचे, त्यांनी भाकरी मोडायची आणि मोठा तुकडा तिच्याकडे सरकवायचा, ही तिच्या अगदी लहानपणापासूनची रीत होती. भाऊ तिला यावरून चिडवी, हेही तिने सांगितले. पण सांगताना तिचा चेहरा फुलला होता.

थंडी पडली आणि चवळीवर माव्याची कीड आली. ती येणारच होती. मी मुलांना निंबोळीचा अर्क करायला शिकवले. उन्हाळ्यात गोळा करून वाळवलेल्या निंबोळ्या मावशींच्या पाट्यावर वाटल्या, रात्रभर पाण्यात ठेवल्या, दुसऱ्या दिवशी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळल्या. शाळेत फवारायला एक प्लास्टिकची बाटली होती, तिचा दट्ट्या नेमका त्याच दिवशी तुटला. कुणी झाडूने शिंपडू म्हणाले. तेव्हा ती मुलगी म्हणाली, "आमच्याकडं पंप हाय." वर्गात ती आपण होऊन बोलली असे मी प्रथमच पाहिले.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी नसतानाही मी गेले. सकाळी, कामावर जाण्याआधी, तिचे वडील स्वतःच पंप घेऊन आले. सडपातळ, तिशी-पस्तिशीचे गृहस्थ, नेहमीच्या कामाचा फिकट डागाळलेला शर्ट. "जय भीम, मॅडम," असे म्हणून त्यांनी पंप खाली ठेवला आणि मी काही विचारण्याआधीच सांगितले की घरी हौदावर तो दोनदा धुऊन आणला आहे, लेकीने पुन्हा पुन्हा बजावले होते. मग त्यांनी अर्क ओतला, पंप पाठीवर घेतला आणि एकेका वाफ्यावरून असे हळुवार फवारत गेले की एरवी गोंगाट करणारी मुले गप्प उभी राहिली. फवारणी झाल्यावर टाळ्या वाजल्या. ते लाजले. मुख्याध्यापकांनी चहाचा आग्रह केला, पण मालक वाट पाहत असेल म्हणून ते घाईने निघाले. फाटकापाशी वळून त्यांनी मुलीकडे पाहिले. तिने हात केला नाही. पण दिवसभर ती बागेच्या अवतीभोवती फिरत राहिली.

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा बाग आजारी होती. टोमॅटोचे शेंडे खाली वळले होते, खोडांना पीळ पडला होता. वांग्याची नवी पाने रुंद होण्याऐवजी दोरीसारखी लांबट झाली होती. चवळीचे शेंडे आवळून बसले होते. मुले म्हणत होती की बोकड्या, म्हणजे पाने आकसण्याचा रोग, आला. शेजारच्या एका आजोबांनी नजर लागल्याचे निदान केले होते आणि कुणीतरी वांग्याच्या रोपाला काळा दोराही बांधला होता. मला मात्र पहिल्या वाफ्यापाशीच ते ओळखू आले. उसातले रुंद पानांचे तण मारण्यासाठी जे औषध या भागात सर्रास वापरतात, त्याचा अंश पंपात, नळीत, रबरी चकत्यांत चिकटून राहतो. नुसत्या पाण्याने तो जात नाही. दोनदा नाही, दहादा धुऊनही जात नाही. ज्या माणसाचा सबंध दिवस त्या औषधाबरोबर जातो, त्यालाही हे कुणी सांगितलेले नव्हते. डब्यावर बारीक अक्षरांत काहीतरी छापलेले असते, एवढेच.

मी मुख्याध्यापकांना एकटे गाठून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. झाडांवर लगडलेली वांगी त्या दिवशी मावशींनी काढून ठेवली होती. ती खिचडीत घालू नयेत, हे मुख्याध्यापकांनी लगेच मान्य केले आणि स्वतः उठून तसे सांगून आले. मग परत येऊन म्हणाले, "झाडं उपटू. पण मुलांना रोग पडला असं सांगा. त्या माणसानं फुकट येऊन काम केलं. गावात त्याचं नाव निघायला नको." त्यांच्या बोलण्यात कावेबाजपणा नव्हता. मलाही ते पटले. खरे सांगण्याचे धैर्य गोळा करण्यापेक्षा ते न सांगण्याला एक सज्जन कारण मिळाले, याचे मला बरेही वाटले असावे.

आम्ही बाग उपटायला घेतली. मुले हिरमुसली होती, पण उपटण्याच्या कामातही त्यांना थोडी मौज वाटत होतीच. कोणाचे मूळ लांब यावरून पैजा लागल्या होत्या. ती मुलगी वांग्याचे एक रोप हातात धरून उभी होती. तिने ते माझ्यासमोर धरले.

"असली पानं मी बघितल्यात," ती म्हणाली. "पप्पा जिथं मारत्यात ना, तिथल्या बांधावर घोळीची पानं अशीच हुत्यात. मग ती मरती."

आजूबाजूची मुले आपापल्या पैजांत गुंतली होती.

"पंपात राहिलं असंल व्हय मॅडम?"

इथे रोगाची गोष्ट सांगता आली असती. पण पाहून, ताडून, दोन गोष्टी जोडून निष्कर्ष काढायचा, हे मीच तिला इतके महिने शिकवीत होते, आणि तिने ते माझ्याहून सरळपणे केले होते. मी होय म्हणाले. त्यात पप्पांची काही चूक नाही, त्यांनी पंप मनापासून धुतला होता, हेही म्हणाले. तिने मान हलवली. चूक कोणाची हा विचार तिच्या मनात नव्हताच, हे तिच्या पुढच्या प्रश्नावरून कळले.

"मारताना त्यांच्या अंगावर बी पडतं. शर्ट भिजतो पाठीला. मग त्यांना काय हुतं?"

ज्याचे उत्तर मला येत होते, असा तो प्रश्न होता. निदान पुस्तकात जेवढे असते तेवढे तरी येत होते. मी तिला सांगितले की हातमोजे घालावेत, तोंडाला फडके बांधावे, वाऱ्याकडे पाठ करून फवारावे, घरी येताच अंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय अन्नाला स्पर्श करू नये. यांतला एकही शब्द चुकीचा नव्हता. तिने सगळे लक्ष देऊन ऐकले. वर्गात मी कोणतीही यादी सांगितली की ती ओठ हलवून मनात म्हणत असे. तशी ती म्हणत होती.

बागेच्या जागी आम्ही हिरवळीच्या खताचा ताग पेरला. माती सावरायला वेळ द्यावा, असे मी मुलांना सांगितले. खिचडीत पुन्हा बाजारातला बटाटा आला. मावशींपैकी एक म्हणाली की चला, निवडायचा ताप वाचला. आणि मग माझ्याकडे पाहून बटाटे चिरू लागली.

नंतर एका दुपारी त्या मुलीची आई शाळेत आली. मी वर्गात होते. ती दाराबाहेरच थांबली, आत बोलावले तरी आली नाही. मी बाहेर गेले. डोक्यावरचा पदर नीट करीत ती बराच वेळ इकडचे तिकडचे बोलली. बेलापूरच्या बाजाराला जाऊन आले, कांदा महाग झालाय, पोरीचा अभ्यास कसा चाललाय. मग म्हणाली की राग मानू नका, पण एक विचारायचे होते, तुम्ही पोरीला असे काय शिकवले? मुलगी आता बापाच्या ताटात बसत नाही. बसली तरी त्याने मोडलेली भाकरी घेत नाही. तो तुकडा पुढे सरकवतो, ती हात मागे घेते. पाणीसुद्धा त्याच्या हातून घेत नाही. पहिल्या दिवशी त्याला थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी तो रागावला. त्यानंतर तो काही बोललाच नाही.

"आमच्या हातचं न खानारी मानसं माझ्या सासूनं लई बघितली, मॅडम," ती म्हणाली. "मी बी थोडी बघितली. पन घरातलं लेकरू असं करंल, हे बघायचं राहिलं हुतं."

तिचा स्वर चढला नव्हता. त्या दारापाशी मी जी उभी होते, ती ज्यांनी असे खाणे नाकारले त्या लोकांमधली, त्यांच्या घरात वाढलेली. माझ्या माहेरी स्वयंपाकघराबाहेर एक वेगळा पेला खुंटीला टांगलेला असे. तो कोणासाठी आहे हे मी लहानपणी कधी विचारले नाही आणि मला कुणी सांगितलेही नाही. तिला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण बोलून झाल्यावर तिने क्षणभर माझ्याकडे ज्या प्रकारे पाहिले, त्यावरून तिला सगळे ठाऊक असावे असे मला वाटले. मी तिला औषधाचे, हात धुण्याचे सांगू लागले. ती ऐकत राहिली. "तसंच असंल," म्हणाली आणि निघून गेली.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. अनोळखी घरात जाणे मला आजही जड जाते. रस्त्यावरून मी एकदा पुढे जाऊन परत वळले. राहुरीच्या दुकानातून हातमोज्यांचे जोड, तोंडावर बांधायचे मुखवटे, साबण आणि पंप धुण्यासाठी सोडा असे घेतले होते. तिचे वडील नुकतेच कामावरून आले होते. त्यांनी खुर्ची पुढे केली, स्वतः उंबऱ्यावर बसले. मुलगी आत भांडी लावीत होती. भांड्यांचा आवाज मी बोलू लागताच थांबला.

हातमोजे त्यांनी हातात घालून पाहिले, उलटसुलट केले. "हे घालून गेलो तर मालक म्हनंल, फवारायला आला का आपरेशनला?" ते म्हणाले आणि हसले. मीही हसण्याचा प्रयत्न केला. मग त्यांनीच गंभीरपणे समजावून सांगितले की उसात शिरल्यावर मुखवट्याने श्वास कोंडतो, मोज्यात घाम साचून नळीवरची पकड सुटते, आणि दिवसाचे ठरलेले काम उरकले नाही तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस बोलावतात. ते तक्रार करीत नव्हते. मी आणलेल्या वस्तू वाया जातील, याबद्दल ते एक प्रकारे माझी क्षमा मागत होते.

मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमचं ती ऐकती. तिला येकदा म्हना, पप्पाला काय हुत न्हाई. बास, येवढंच."

मुलगी आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात ओले ताट होते. ती वडिलांकडे न पाहता माझ्याकडे पाहत होती. ते एक वाक्य म्हणणे सोपे होते, आणि मी ते म्हटले असते तर त्या संध्याकाळी त्या घरात एक भाकरी दोघांत वाटली गेली असती, अशी माझी खात्री आहे. मी म्हणाले की पप्पांनी हातमोजे वापरले, घरी आल्यावर अंघोळ केली, साबणाने हात धुतले, तर धोका पुष्कळ कमी होतो.

वडिलांनी खाली जमिनीकडे पाहिले. "येवढं लांबलचक नको हुतं," ते म्हणाले, आणि पुन्हा हसले. पण त्या हसण्याला आवाज नव्हता. मुलगी ताट घेऊन आत गेली. चहा आला. मी तो प्यायले, कप खाली ठेवला, आणि तोच कप त्यांच्या पत्नीने माझ्यासमोर दोनदा विसळून ठेवला. कदाचित ती नेहमीच तसे करीत असेल.

ताग गुडघ्याएवढा झाला तेव्हाची गोष्ट. दुपारी जेवणाची रांग लागली होती. मी मावशींना वाढायला मदत करीत होते. रांगेत ती आली, ताट पुढे केले, आणि तिथेच थांबून राहिली. मागची मुले ढकलू लागली तशी ती बाजूला झाली. मीही पळी मावशीकडे देऊन तिच्याजवळ गेले. अलीकडे ती माझ्याशी कमी बोलत असे, म्हणून मी काही विचारले नाही.

"मॅडम, मी जेवायची न्हाई ना," ती म्हणाली, "की पप्पा उठायचे आन् हात धुवायला जायचे. साबन लावून. लई वेळ धुवायचे. मग मी जेवायची, आईनं वाढलेलं. ते रोज धुवायचे."

मला समजायला वेळ लागला. घरी तिच्या आईला, वडिलांना, दारापाशी उभे राहून ऐकताना मला, आम्हा सर्वांना त्यात नुसता नकार दिसला होता. न खाऊन ती वडिलांना रोज हौदावर पाठवीत होती, हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. तिने ते कोणाला सांगितलेही नसावे. सांगण्यासारखे त्यात काही आहे, असे तिला वाटले नसेल. मी तिला विचारले की मग आता काय झाले.

"आता ते रानातच जेवून येत्यात. डबा जास्तीचा नेत्यात. घरी आले की झोपत्यात. आई म्हनती, बरं झालं, तुझी कटकट गेली."

तिने ताटातल्या खिचडीवरून बोट फिरवले आणि विचारले, "रानात हात धुवायला पानी असतं का वो?"

पाटाला असते, असे मी म्हणाले.

"आन् आवर्तन बंद झाल्यावर?"

पाटाला पाणी सोडण्याचे आवर्तन त्याच आठवड्यात बंद झाले होते. शाळेत येताना, पाटाच्या तळाशी उरलेल्या चिखलाला भेगा पडू लागल्याचे मी सकाळीच पाहिले होते. मी म्हणाले की पप्पा घरून बाटली भरून नेत असतील.

तिने थोडा विचार केला. "बाटलीतलं प्यायला लागतं," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला बसली.